भंडारदऱ्याच्या ग्रुपबद्दल, जरा घाईत

अगं,

तुझा मेसेज रात्री वाचला. बारा परदेशी पाहुणे, बहुतेक साठीच्या पुढचे, तू त्यांची गाईड, त्र्यंबकवरून भंडारदरा, एक मुक्काम, आणि सोबत तू नोट्सची वीस पानी पीडीएफ जोडलीस. पीडीएफ छान झालीये, मेहनत दिसते. पण ती गाडीत वाचून दाखवायची नाही हे आधीच सांगून टाकतो. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं, नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून टेम्पो ट्रॅव्हलर हलली की माईक हातात, त्र्यंबक येईपर्यंत तोंडाला आराम नाही, मागे वळून बघतो तर निम्मे झोपलेले आणि उरलेले खिडकीबाहेर बघतायत. ते बघायलाच आले होते ना, आणि मीच मध्ये मध्ये येत होतो.

तू थांबे ठरव. कुठे थांबायचं, किती मिनिटं, आणि तिथे उभं राहून कुठली एकच गोष्ट सांगायची. बाकीचं विचारलं तर सांग, नाही विचारलं तर राहू दे.

उदाहरण देतो. त्र्यंबक सोडून घोटीच्या रस्त्याला लागलं की ब्रह्मगिरी नीट दिसेल आणि गाडी कडेला घेता येईल अशी जागा आधी स्वतः जाऊन बघून ये, स्कूटरवर जा, तासाभराचं काम आहे. तिथे सगळ्यांना उतरव आणि एवढंच सांग की गोदावरी या डोंगरावर उगम पावते, अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही, पण ही बाई तिकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. आणि याच त्र्यंबकच्या डोंगरांतली वैतरणा पश्चिमेला उतरते, तिच्यावरच्या धरणांचं पाणी मुंबईकर पितात. झालं. मग गप्प बस, पाच मिनिटं खरंच गप्प. सप्टेंबरच्या शेवटी सोनकी फुललेली असते, तेरडा असतो, भात निसवलेला असतो, त्यांना बघू दे.

आता त्र्यंबकचं. मंदिरात हिंदू नसलेल्यांना प्रवेश नाही, हे तुला माहितीये, मलाही माहिती होतं. पण मी ते ग्रुपला सांगितलं कधी, तर दारात रांगेजवळ पोचल्यावर. नऊ माणसं चपला काढून उभी, एका आजींनी मुद्दाम पंजाबी ड्रेस घातलेला, आणि मी सांगतोय की इथून पुढे नाही. त्या काही बोलल्या नाहीत, चपला घातल्या आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मला अजून तो चेहरा आठवतो. म्हणून आदल्या रात्री नाशिकच्या हॉटेलातच स्पष्ट सांगायचं, सफाई देत बसायचं नाही, नियमाला चांगलं वाईट म्हणत बसायचं नाही, असं आहे आणि आपण बाहेरून शिखर बघणार, कुशावर्त कुंडापाशी जाणार, बाजारातून चक्कर मारणार. दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर दाखव, साधारण हजार वर्षं जुनं दगडी काम, शेजारी पुष्करणी, गर्दी नाही, मनसोक्त वेळ दे. त्र्यंबकची रुखरुख तिथे निघून जाते.

थापा मारू नकोस. गाईड लोकांना हा रोगच असतो, मलाही होता. एकदा मी कळसूबाईकडे हात करून बिनधास्त ठोकून दिलं की हा जुना ज्वालामुखी. ग्रुपमध्ये एक रिटायर्ड भूगोलाचे मास्तर होते, त्यांनी सगळ्यांसमोर नाही, चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं की अरे, इथे शंकूसारखा ज्वालामुखी नव्हता, जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि पुढे पावसापाण्याने ते कापून हे डोंगर उरले. कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात ना, तेच ते थर. तेव्हापासून मी बारी गावाजवळ गाडी थांबवून फक्त त्या पट्ट्या मोजायला लावतो, आणि कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, एवढं बोलतो. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, रात्री बघून सांगते" म्हण. आणि खरंच सांग, विसरू नकोस, ही माणसं विसरत नाहीत.

जेवणाचं नीट वाच. तिखट ही भीती सगळे बाळगतात पण खरी भीती शेंगदाण्याची आहे. आपण कूट कशात घालत नाही सांग, कोशिंबिरीत, खिचडीत, वांग्याच्या भाजीत, चटणीत, आणि वाढणाऱ्या मावशींना विचारलं "यात शेंगदाणे आहेत का" तर त्या नाही म्हणतात, कारण अख्खा दाणा दिसत नाही. म्हणून "कूट घातलाय का, तेल कुठलं" असं विचारायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारायचं. बुकिंगच्या वेळीच प्रत्येकाकडून अ‍ॅलर्जी लिहून घे. जे दूध-तूप खात नाहीत त्यांच्या भाकरीवर कोणी प्रेमाने तुपाची धार सोडणार नाही याकडे लक्ष दे, आपल्याकडे प्रेम आवरणं अवघड असतं. मिसळ खायची असेल तर परतल्यावर नाशिकात, प्रवास सुरू व्हायच्या सकाळी अजिबात नाही, का ते तुला कळलं असेल. त्यावरून आठवलं, बायकांना नीट वापरता येईल असं टॉयलेट कुठे कुठे आहे ते वहीत लिहून ठेव, घोटीनंतर पर्याय कमी होतात.

सांदण दरीचा हट्ट धरतील, फोटो बघून आलेले असतात. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही, दरीत पाणी असतं. काजवे पण विचारतील, ते मे अखेर ते जूनमध्ये, पाऊस धरायच्या तोंडावर, आता नाही. त्याऐवजी रंधा धबधबा आणि विल्सन डॅम, १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी धरण, प्रवरा नदीवर. ही प्रवराही शेवटी गोदावरीलाच जाऊन मिळते, ही गोष्ट तिथे सांगितलीस तर पहिल्या दिवशीचं ब्रह्मगिरी त्यांना आपोआप आठवेल.

कागदपत्रं: प्रत्येकाच्या पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी तुझ्याकडे असू दे, मुक्कामाच्या हॉटेलला परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो, छोट्या रिसॉर्टवाल्यांना कधी कधी आपणच आठवण करून द्यावी लागते. कोणाकडे ड्रोन किंवा सॅटेलाइट फोन आहे का आधीच विचार, परवानगीशिवाय दोन्ही भानगडीचं आहे. रतनवाडीकडे नेटवर्कचा भरवसा नाही, सगळं फोनमध्ये सेव्ह करून ठेव. कॅश सुट्टी जवळ ठेव, त्यांना आपल्यासारखं क्यूआर मारता येईलच असं नाही.

गावात पोरं गाडीमागे धावतील आणि कोणीतरी बॅगेतून चॉकलेट काढेल. गोड बोलून थांबव. फोटो विचारून काढायचे, शेतातल्या बाईचे तर नक्कीच.

ड्रायव्हर दादांना जेवायला आपल्याच टेबलाजवळ बसव. धुकं उतरलं की गाडी थांबवायची का नाही हे ते ठरवणार, तू नाही आणि इटिनरी तर मुळीच नाही.

परतताना हायवेलाच पांडवलेणी लागते. चढ आहे, गुडघेवाल्यांना खाली चहा पाजत बसव. वर गेलात तर तीन नंबरचं लेणं, एवढंच. पांडवांचा काही संबंध नाही, बौद्ध भिक्खूंची लेणी, हे सांग आणि मग सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, तिचा शिलालेख दाखव. आईने गेलेल्या मुलाचं कौतुक दगडात कोरून घेतलंय, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं. मी एवढं सांगून बाजूला होतो. बायका त्या अक्षरांसमोर खूप वेळ उभ्या राहतात, वाचता येत नाही तरी.

माझी मोठी बॅटरी आणि दोन जास्तीच्या छत्र्या दुकानात काढून ठेवल्यात, शनिवारी आठच्या आत ये, नंतर मी शटर ओढतो.

काका