आधी शांत दिवसांची नोंद वाच

अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. २६ डिसेंबर २००४ ची, त्सुनामीच्या दिवसाची, चेन्नई बंदरातल्या पाण्याच्या पातळीची नोंद घेऊन तू थेट वर्णपट, म्हणजे किती वेळाने परत येणाऱ्या लाटेत किती जोर आहे त्याचा आलेख, काढलास आणि सगळ्यांत उंच शिखर १२ तास २५ मिनिटांच्या आसपास आलं. ते चंद्राच्या भरतीचं आहे. त्या दिवशी सकाळी ६.२९ ला सुमात्राजवळ भूकंप झाला, नऊच्या सुमारास त्सुनामीची लाट चेन्नईला पोचली. तिच्या खुणा काही मिनिटांपासून तास-दीड तासापर्यंतच्या आवर्तकालांत, म्हणजे एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतच्या वेळांत, शोधायच्या असतात.

म्हणून आधी किमान महिन्याभराच्या नोंदीवरून भरती-ओहोटीचे घटक काढ आणि वजा कर. उरलेल्या पाण्याच्या हालचालीवर मग लांब आवर्तकाल गाळून टाकणारा फिल्टर लाव. पण तो कुठे कापायचा हे सवयीने ठरवू नकोस, नकाशा उघड. समजा खाडी २० किलोमीटर लांब आणि १० मीटर खोल आहे, तर तिचं स्वतःचं आंदोलन साधारण सव्वादोन तासांचं निघतं. दोन तासांवर फिल्टर कापलास तर तेच हातचं जाईल.

आता मुख्य गोष्ट. भांड्यावर चमचा मारा की पळी, नाद भांड्याचाच येतो, बंदराचंही तसंच. वर्णपटातलं ठळक शिखर भूकंपाचं की बंदराचं, हे एकट्या त्सुनामीच्या नोंदीवरून कळत नाही. म्हणून त्याच गेजचे (पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या यंत्राचे) आधीचे काही शांत दिवस घे, त्यांचा वर्णपट काढ आणि त्सुनामीच्या वर्णपटाला त्याने भाग. बंदराचा वाटा दोन्हीकडे असल्याने बराचसा निघून जातो, उरतं ते उगमाकडून आलेलं. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण ती आपल्याला घाईने निष्कर्ष काढू देत नाही.

सॅम्पलिंग, म्हणजे किती वेळाने एक नोंद होते ते, तपासून घे. त्या काळी आपल्या बऱ्याच गेजवर पाच-सहा मिनिटांनी एक नोंद होई. सहा मिनिटांच्या नोंदीत बारा मिनिटांहून लहान आवर्तकाल दिसत नाहीत. उलट ते लांब लाटांचं सोंग घेऊन वर्णपटात घुसतात. आणि मोठ्या लाटेच्या वेळीच गेज बंद पडला असेल तर ती जागा सरळ रेषेने भरू नकोस. तो तुकडा वगळ आणि तसं लिहून ठेव.

वेव्हलेट विश्लेषण नंतर. कोणत्या वेळी कोणता आवर्तकाल जोरात होता हे त्यात दिसतं, आणि पहिली लाटच सर्वांत मोठी असेल असं नसतं हेही. किनाऱ्यावरची माणसं पहिली लाट ओसरली की परत फिरतात, म्हणून हे नीट दाखवता येणं गरजेचं आहे.

चेन्नईचं झालं की मार्मागोव्याची नोंद घे. श्रीलंकेला वळसा घालून आलेली लाट तिथे कशी बदलली, ते पाहू. शांत दिवसांचा आणि त्सुनामीचा वर्णपट एकाच आलेखावर काढून पाठव.