खुरांची स्पर्धा कशी मोजावी?

प्रश्न : आम्ही नांदेडचे आठ सेवानिवृत्त शिक्षक दरवर्षी एकत्र सहलीला जातो. गेल्या वर्षी हैदराबादचे नेहरू प्राणिउद्यान पाहिले आणि यंदा पुण्यात कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. परतीच्या गाडीत आमच्यात दोन तट पडले आणि खेळीमेळीने असे ठरले, की दोन्ही ठिकाणच्या फक्त खुरांच्या प्राण्यांची तुलना करून विजेता काढायचा. परंतु एक गट म्हणतो जाती मोजा, दुसरा म्हणतो जनावरे मोजा, आणि हत्ती धरावा की नाही यावरही एकमत होत नाही. आपण पंच म्हणून नियम सांगाल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : हत्तीला प्रथम बाजूला काढा. त्याच्या पायाला नखे असतात, खूर नसतो, आणि वंशाने तो समुद्रगाईला जवळचा आहे. उंटाला मात्र आत घ्या, कारण त्याचा तळपाय गादीसारखा मऊ असला तरी दोन बोटांवर चालणारा तो समखुरी प्राणीच आहे. पाणघोडाही याच गटातला.

आता मोजणीकडे वळू. नुसत्या जाती मोजल्या तर ज्याच्याकडे पैसा आणि जागा अधिक तो जिंकणार, आणि नुसती जनावरे मोजली तर चितळांचा मोठा कळप बाळगणारा कोणीही जिंकेल, कारण चितळ बंदिवासात सहज वाढतात. म्हणून सुरुवात कुळांपासून, म्हणजे जवळचे नाते असलेल्या जातींच्या गटांपासून करावी. जमिनीवर राहणाऱ्या खुरांच्या प्राण्यांची एकूण १३ कुळे मानली जातात. घोडा, गेंडा आणि टॅपिर ही ३ विषमखुरी कुळे. आणि डुक्कर, पेकरी, पाणघोडा, उंट, पिसोरी (मूषक हरीण), कस्तुरीमृग, दरवर्षी शिंगे गळणारी सांबर-चितळ-भेकरे, प्राँगहॉर्न, जिराफ, आणि ज्यांची शिंगे कधीच गळत नाहीत असे गाय-शेळी-काळवीट-रोही (नीलगाय)-गवा यांचे मोठे कूळ, अशी १० समखुरी कुळे. यांपैकी ७ कुळांचे प्राणी आजही आपल्या देशात रानात आढळतात. तेव्हा दोन्ही ठिकाणच्या नोंदी समोरासमोर मांडून कुळागणिक एकेक जोड लावा. गव्यासमोर गवा आणि सांबरासमोर सांबर ठेवा, म्हणजे जिराफाची उंची पाहून कोणी भारावून जाणार नाही.

या कुळांना मी शंभरपैकी वीसच गुण देईन. चाळीस गुण कळपाला द्यावेत. एकटे जनावर हा केवळ नमुना असतो. कळपात नर, माद्या, वाढती पिले आणि त्यांची नीट ठेवलेली वंशनोंद असेल तरच त्या प्राण्याला पुढे काही भवितव्य असते. मंगोलियातला रानघोडा १९६० च्या दशकाच्या अखेरीस रानातून नाहीसा झाला आणि जगातले त्याचे आजचे सगळे वंशज जेमतेम बारा-चौदा पूर्वज जनावरांपासून आलेले आहेत. त्या मोजक्या जनावरांची जोडी कोणाशी लावायची हे प्राणिसंग्रहालयांनी एकमेकांच्या नोंदी जुळवून ठरवले, म्हणूनच १९९२ पासून तो घोडा पुन्हा मंगोलियाच्या कुरणात सोडता आला. काळविटाच्या आवारात वयात आलेले, एकमेकांशी झुंजणारे नर एकत्र कोंडलेले आहेत, की त्यांच्यासाठी निराळे आवार केले आहे, एवढे पाहिले तरी तिथल्या माणसांची समज कळून येते.

येथे हैदराबादची एक गोष्ट आवर्जून सांगतो. पिसोरी हे जेमतेम तीन किलोंचे, बिनशिंगी, बुजरे हरीण. त्याची पैदास करण्याचे काम तेथे २०१० पासून हाती घेतले गेले आणि पुढे त्यातली काही जनावरे अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पात सोडण्यात आली. पैदाशीचे असे काम गर्दीपासून दूर, आडोशाला चालते, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ते दिसले नसणार. तरीही माझ्या मते या स्पर्धेतला तो सर्वांत वजनदार गुण आहे.

उरलेले चाळीस गुण खुरांना. माझी पशुवैद्यकीय सेवा परभणी जिल्ह्यात गेली, त्यामुळे जनावर दिसले की माझी नजर आधी पायाकडे जाते. खूर नखासारखे सतत वाढत असते आणि चालता चालता झिजते. जमीन फार मऊ वा चिखलाची असली किंवा जनावर हिंडतच नसले, तर दावणीला वर्षानुवर्षे बांधलेल्या म्हशीसारखी त्याची खुरे सपातीप्रमाणे पुढे येऊन वर वळतात, आणि सिमेंटची फरशी असली तर तळवा सोलून जनावर पाय उचलून धरते. आपण कठड्याशी दहा मिनिटे शांत उभे राहा. रोहीच्या पायावर खुराच्या वरच्या बाजूस पांढरी कडी असतात, त्यांच्या खाली दोन्ही खुरे सारखी, आखूड आणि एकमेकांना टेकलेली दिसली, उठताना ते चाचपडले नाही आणि चारही पायांवर सारखा भार देऊन चालले, तर पूर्ण गुण द्या. ज्वारी-हरभऱ्याच्या रानात काळवीट आणि रोही मोकळे पळताना आपण लहानपणापासून पाहिलेले आहेत. निरोगी चाल कशी असते हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही, म्हणून आपण दोन्ही गट या बाबतीत उत्तम परीक्षक आहात.

प्रश्न : अशा तुलनेत पाळीव जनावरे धरावीत का? आमच्या भागातली देवणी किंवा लाल कंधारी गाय एखाद्या प्राणिसंग्रहालयाने ठेवली तर तिला गुण मिळावेत काय?
— एक विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : गुण मिळावेत, पण निराळ्या रकान्यात. आपल्या देवणीचा रानातला पूर्वज असलेला ऑरॉक्स हा बैल आज कोणत्याही प्राणिसंग्रहालयाला ठेवता येणार नाही, कारण त्या जातीचे शेवटचे जनावर १६२७ साली पोलंडमध्ये मेले. त्यामुळे त्याचा वारसा देवणी, लाल कंधारी यांच्यासारख्या गोवंशांतच शिल्लक आहे, आणि तो लोकांना दाखवणे हे मोलाचे काम आहे. मात्र एका अटीवर. लाळ्या-खुरकूत हा रोग गाई-म्हशींकडून सांबर-चितळांकडे आणि उलटही जातो. म्हणून पाळीव जनावरांचे आवार, पाणी, वैरण आणि शक्यतो त्यांची देखभाल करणारा माणूसही वेगळा असावा, आणि त्यांना वेळच्या वेळी लस टोचलेली असावी. ही व्यवस्था दिसली नाही, तर देवणी कितीही देखणी असली तरी त्या रकान्यात शून्य लिहा.