तुझी केबल शेवटी जाते कुठं?

ह्या महिन्यातली पत्रं जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवर, गिटारला प्रोसेसर (आवाज बदलणारे सगळे इफेक्ट एकाच मशीनमध्ये) घेऊ का सुटी पेडल (एका इफेक्टला एक डबी). पाच निवडलीत, बाकीच्यांनी आपलं उत्तर त्यातच शोधा.

प्रश्न : दादा, मी डोंबिवलीचा. चार वर्षं गिटार वाजवतोय, इलेक्ट्रिक घेऊन दीड वर्ष झालं. एका ऑर्केस्ट्रात रिदम वाजवतो, मेन गिटारिस्ट नसला तर लीडपण. बजेट वीस हजार, त्यातले बारा माझे आणि आठ बाबांचे, म्हणजे परत मागायची सोय नाही. क्लासमधले म्हणतात प्रोसेसर म्हणजे प्लास्टिकचा साऊंड, खरा गिटारिस्ट पेडलच वापरतो. ऑर्केस्ट्रातले म्हणतात पेडल मांडत बसलास तर घरी पाठवू. काय घेऊ?

उत्तर : बाबांचे आठ हजार आहेत म्हटल्यावर जरा जपूनच सांगतो. क्लासवाले आणि ऑर्केस्ट्रावाले दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांच्या केबलचं दुसरं टोक वेगवेगळ्या ठिकाणी जातं. क्लासमधला पोरगा घरी गिटारच्या अँपमध्ये वाजवतो. तुझं काय होतं? पैज लावतो, साऊंडवाला तुझ्यापुढं एक डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) सरकवतो, म्हणतो लाव ह्यात, आणि तिथून थेट मिक्सर.

आता हे नीट समजून घे कारण सगळं ह्याच्यावर आहे. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण रेकॉर्डवर ऐकून ओळखतो ना त्यात अँपच्या १२ इंची स्पीकरचा मोठा वाटा असतो, आणि तो स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाही, त्यामुळं डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाची, जी किरकिर असते ती तिथंच गाळली जाते. तेच डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लाव, मैदानावरचे मोठे स्पीकर बिचारे सगळं इमानदारीत वाजवतात आणि बरणीत गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज येतो. पेडल वाईट नसतं, त्याच्यापुढं अँप नसतो एवढंच. प्रोसेसरमध्ये अँपची आणि स्पीकरच्या पेटीची नक्कल आत असते, कॅब सिम म्हणतात तिला, म्हणून तो मिक्सरला लावला तरी गिटार गिटारसारखी वाजते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाणी. ऑर्केस्ट्रात एका रात्रीत पंचवीस-तीस गाणी, त्यात पंचमदांच्या जमान्यातलं वाह (पायानं आवाज 'वाऽवाऽ' करणारं पेडल) लावलेलं रिदम, लगेच नव्वदीतलं क्लीनवर, म्हणजे न फाडलेल्या आवाजावर, कोरस, मग एकदम काहीतरी हेवी, आणि मध्ये निवेदकाचा एक पाणचट विनोद संपेपर्यंतच वेळ. पेडलवर हे करायचं म्हणजे वाह बंद, कोरस चालू, डिले चालू, ओव्हरड्राइव्ह बंद, नुसती लंगडी. प्रोसेसरवर एक स्विच दाबला की सगळं एकदम बदलतं.

म्हणून तू प्रोसेसर घे. लहान साइजमध्ये बॉसचा जीटी-१ आणि झूमचा जी१एक्स फोर हे दोन्ही हातात धरून, पायानं दाबून बघ. दोन्हीला पायाचं एक्सप्रेशन पेडल जोडलेलंच येतं म्हणजे वाह वेगळा घ्यायला नको, आणि दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात, ह्याचा फायदा पुढं सांगतो. भाव हलत असतात, दुकानातला आजचा विचार. पैसे उरले तर चांगली केबल घे, नवा पट्टा घेऊ नकोस.

प्लास्टिक साऊंडचं म्हणशील तर ते जुन्या मशीनबद्दल खरं होतं. बॉसनं छोटी पेडल आणली १९७७ साली आणि एमई-५ हा जमिनीवर ठेवायचा प्रोसेसर १९८८ ला, म्हणजे हे काही कालचं खूळ नाही, पण नक्कल खरोखर ऐकण्यासारखी व्हायला बराच काळ गेला. आणि कुणी म्हणालं डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो, तर चांगल्या प्रोसेसरचा उशीर काही मिलिसेकंदांचा असतो, तू अँपपासून दोन मीटर लांब उभा राहिलास तरी आवाज कानापर्यंत यायला सहा मिलिसेकंद लागतात. तेव्हा कुणी तक्रार करत नाही!

एकाच बाबतीत मी क्लासवाल्यांच्या बाजूनं आहे. प्रोसेसरचं वय मोबाइलसारखं, पाच-सात वर्षांत नवा आला की जुन्याला कोणी विचारत नाही. बॉसचं डीएस-१ हे डिस्टॉर्शनचं पेडल १९७८ ला आलं, आजही विकतं आणि सेकंडहँडलापण गिऱ्हाईक मिळतं. शिवाय पेडलवर तीनच बटणं, वाकलास, फिरवलं, झालं. प्रोसेसरमध्ये ट्रेबल शोधेपर्यंत अंतरा सुरू होतो.

आता सेलचं. गणपतीतला कार्यक्रम, मी लीडला, सोलो चालू आणि जनरेटरवरून लाइनवर घेताना अर्धा सेकंद वीज गेली. अँप, मिक्सर लगेच जिवंत झाले. माझा प्रोसेसर मात्र शांतपणे स्वतःचा लोगो दाखवत बसला आणि मी हाताचे चाळे करत उभा, पुढच्या रांगेतल्या काकूंना वाटलं मी दमलो. तेव्हापासून स्टेजवर मी अ‍ॅडॅप्टर लावला तरी आत सेल ठेवतोच, आणि तुझ्या मशीनला वीज गेल्यावर ते आपोआप सेलवर जातं का ते घरी प्लग उपटून बघ, काही जातात काही बंद पडतात. बंद पडणारं निघालं तर कार्यक्रमाला सरळ नव्या सेलवरच चालव. बॅगेत एक साधं ओव्हरड्राइव्ह ठेवलेलं बरं, पण ते पुढच्या पगारातून.

प्रश्न : प्रोसेसर आहे, घरी हेडफोनवर पॅच (मशीनमध्ये साठवलेले आवाज) इतके भारी बनवले की मित्र म्हणाले रेकॉर्डिंग आहे का. पण हॉलमध्ये वाजवलं की मी ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की कान फाटतात, कमी केला की गायब. मशीन बिघडलंय का? (कोल्हापूर)

उत्तर : मशीन ठणठणीत आहे. तुम्ही पॅच रात्री साडेअकराला बनवलेत, घरचे झोपल्यावर, हळू आवाजात, बरोबर ना? आपला कान हळू आवाजात बेस आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकतो. हे फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मध्येच मोजून मांडलंय. म्हणून आपण घरी काय करतो, बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली पाडतो, वर रिव्हर्ब (घुमारा) ओततो आणि खूष होतो. हॉलमध्ये तोच पॅच मोठ्यानं वाजला की बेस गदगदतो, ट्रेबल टोचतो आणि मधलं, जिथं गिटार राहते, ते तुम्ही स्वतःच काढून टाकलेलं असतं.

गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झ आणि बेस गिटारच्या सगळ्यात खालच्या तारेचा ४१. म्हणजे ८० च्या खाली तुमचं काहीच काम नाही, तिथं बेसवाला आणि ड्रमरची किक आधीच दाटीवाटीनं बसलेत. लो कट (त्याच्या खालचं कापणारा) ८० ते १०० ला लावा. हाय कट (वरचं कापणारा) ६ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ती किरकिर जाईल. मिड वाढवा, आणि वाढवताना घरी एकट्याला आवाज जरा नाकातला, कोंबडा वाटेल, वाटू दे. बँडबरोबर तोच पुढं येतो. ट्यूब स्क्रीमर हे हिरवं ओव्हरड्राइव्ह पेडल एवढी वर्षं लोक डोक्यावर घेतात त्याचं एक कारण हेच, ते साधारण ७०० हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढं ढकलतं आणि बेस थोडा छाटतं. गेन (आवाज किती फाडायचा ते बटण) आत्ता आहे त्याच्या निम्मा करा, रेकॉर्डवर जे जाडजूड ऐकू येतं ते बऱ्याचदा दोन-चार गिटारी एकावर एक असतात, एका माणसानं गेन वाढवून ते होत नाही, फक्त गिचमिड होते.

अजून एक, हॉलमध्ये तुम्ही गिटारच्या अँपमध्ये लावत असाल तर कॅब सिम बंद करा. नाहीतर स्पीकरमधून स्पीकरची नक्कल, म्हणजे घोंगडी पांघरून बोलल्यासारखं. मिक्सरला चालू, अँपला बंद, चिकटपट्टीवर लिहून मशीनच्या पाठीला चिकटवा, मी चिकटवलंय.

प्रश्न : माझी सहा पेडल आहेत, ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिजिटल डिले, रिव्हर्ब. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून फाटे काढून सगळ्यांना वीज दिलीय. घूंऽऽ असा आवाज येतो आणि त्याच्यावर बारीक टीऽऽ. सगळं विकून प्रोसेसर घेऊ का? पेडलं जीवापाड जमवलीत हो. (पुणे)

उत्तर : विकू नका, थांबा. आधी दहा मिनिटांची तपासणी. नऊ व्होल्टची बॅटरी आणा आणि डिलेची वायर काढून डिलेलाच बॅटरी लावा, तो बॅटरी घेत नसेल तर सरळ साखळीतून बाहेर काढा. तो बारीक टीऽऽ गेला तर चोर सापडला. डिजिटल पेडलच्या आत घड्याळासारखं सर्किट टिकटिकत असतं, त्याची कचकच वीजेच्या सामायिक वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि ओव्हरड्राइव्हचं कामच मुळी बारीक ते मोठं करायचं.

ह्याचा खरा इलाज म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय, ज्यात प्रत्येक पेडलला स्वतंत्र, एकमेकांशी संबंध नसलेली वीज मिळते. महाग असतो, हो. बऱ्याचदा एका चांगल्या पेडलएवढा, आणि दिसायला काहीच नाही म्हणून कोणी घेत नाही, सगळ्यांना सातवं पेडल हवं असतं. पेडलचा हिशोब करताना लोक हा खर्च धरतच नाहीत, पॅच केबल धरत नाहीत, बोर्ड धरत नाहीत, पेटी धरत नाहीत. मग म्हणतात पेडल प्रोसेसरपेक्षा परवडतात. कुठून परवडणार?

सप्लाय घेताना मिलिअँप, म्हणजे तो किती करंट देतो, ते बघा. साध्या ओव्हरड्राइव्हला दहाएक मिलिअँप पुरतात, डिजिटल डिले-रिव्हर्बला शंभर किंवा त्याहून बरेच जास्त लागू शकतात. सप्लाय जास्त मिलिअँपचा असला तर बिघडत नाही, पेडल हवा तेवढाच ओढतं, पण कमी पडला तर पेडल अडखळतं. व्होल्ट मात्र पेडलवर लिहिलेत तेवढेच, आणि प्लगचं मधलं टोक निगेटिव्ह, बहुतेक पेडलांना तसंच लागतं पण खालचं चित्र बघूनच लावा. काही जुन्या प्रोसेसरना ९ व्होल्ट एसी लागतो, तो अ‍ॅडॅप्टर चुकून पेडलला लावाल तर धूर.

तो जाडा घूंऽऽ, म्हणजे हम, बहुतेक अर्थिंगचा. अँपला एक अर्थिंग, मिक्सरला दुसरं, दोन्हींच्या मध्ये तुमची केबल. सगळे प्लग विजेच्या एकाच बोर्डावर लावून बघा, मिक्सरकडं डीआय जात असेल तर त्याच्यावरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबा. पण आपल्याकडं एक जालीम उपाय करतात, अँपच्या प्लगची तिसरी जाड पिन मोडतात किंवा टू-पिनमध्ये कोंबतात, हम जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. हे कधीही करू नका. अँपमध्ये काही बिघडलं तर ती वीज तारांमधून तुमच्या बोटात आणि माइकमधून ओठात येते. हम परवडला.

तुमचा क्रम बरोबर आहे, ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, डिले, रिव्हर्ब. पेडल वापरत नसाल तेव्हा इनपुटचा जॅक काढून ठेवा, तो जॅकच बॅटरीचा स्विच असतो, रात्रभर लावून ठेवला की सकाळी बॅटरी गार.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा, सहा महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. आता म्हणतो प्रोसेसर हवा, नाहीतर मूड लागत नाही. घ्यावा का? (नाशिक, आई)

उत्तर : ताई, मूड बाजूला ठेवा, तुमच्या फ्लॅटच्या भिंती किती पातळ आहेत ते सांगा. हेडफोन लावून वाजवता येतं, ट्यूनर आत, ड्रमचा ठेका आत, त्याच्याबरोबर ताल धरायची सवय लागते, एवढ्यासाठी छोटा प्रोसेसर वाया जात नाही आणि शेजारीपण तुमच्याशी बोलत राहतात. फक्त पहिला महिना त्याला डिस्टॉर्शन लावू देऊ नका असं मी म्हणीन आणि तो ऐकणार नाही. डिस्टॉर्शनमध्ये सहा महिनेवाल्याच्या सगळ्या चुका झाकल्या जातात. तेव्हा रोज पहिली पंधरा मिनिटं क्लीन आवाज, मग काय हवा तो गोंधळ घाल, एवढा करार करा. सुटी पेडल आत्ता अजिबात नको.

प्रश्न : भाऊ अमेरिकेतून येताना पेडल आणि त्याचा अ‍ॅडॅप्टर आणतोय. इथं फक्त पिन बदलून चालेल ना? (सातारा)

उत्तर : पेडल चालेल, अ‍ॅडॅप्टरचं त्याला फोनवर वाचून दाखवायला सांगा. त्याच्यावर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसती पिन बदला. नुसतं १२० लिहिलं असेल तर इथल्या २३० व्होल्टला तो जळणार, जोडीला पेडलपण नेऊ शकतो. तसा असेल तर अ‍ॅडॅप्टर तिथंच राहू द्या, इथं तेवढ्याच व्होल्टचा आणि त्याच पोलॅरिटीचा (प्लगचं मधलं टोक प्लस का मायनस) घ्या, बॅगेत वाचलेल्या जागेत भावाला तारांचे दोन-तीन सेट टाकायला सांगा.