वाचकांचे प्रश्न : मंडळाचे वर्ग, फी आणि प्रमाणपत्रे

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमचे क्रीडा व युवक मंडळ नोंदणीकृत आहे. पोलीस भरतीच्या मैदानी तयारीचा आणि शिवणकामाचा वर्ग गावातील सर्वांसाठी सुरू करून माफक फी घ्यावी व शेवटी प्रमाणपत्र द्यावे, असा विचार आहे. शिकवणाऱ्यांपैकी एक जण आमच्याच कार्यकारिणीतील आहे. हे नियमांत बसेल काय?

उत्तर : बसेल, मात्र आधी मंडळाच्या घटनेतील उद्देश काढून वाचा. ‘कबड्डी व इतर खेळांना प्रोत्साहन’ एवढेच लिहिले असेल, तर भरतीतील 1600 मीटर धावणे आणि गोळाफेक त्यात कसेबसे बसवता येईल, शिवणकाम मात्र बसणार नाही. उद्देश वाढवण्याची पद्धत संस्था नोंदणी अधिनियम, 1860 च्या कलम 12 मध्ये आहे : दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन-पंचमांश मते आणि महिन्याभराच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तितक्याच मतांनी शिक्कामोर्तब. वर्ग दिवाळीनंतर घ्यायचा असेल, तर ही तयारी पोळ्याच्या सुमारासच सुरू करावी. पदाधिकारी बदलले असतील, तर त्याचा बदल अर्ज 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, आणि बहुतेक मंडळांचे घोडे इथेच अडते. गणेशोत्सवापुरती मिळालेली वर्गणीची परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे, हे शेजारच्या मंडळांनाही सांगावे.

फी घेण्यास बंदी नाही. शिल्लक सभासदांत वाटण्यास आहे. उरलेला पैसा मंडळाच्या उद्देशांवरच खर्च व्हायला हवा. प्रत्येकाला क्रमांक असलेली पावती द्यावी, तिची कार्बन प्रत पुस्तकात राहू द्यावी आणि 31 मार्चला हिशेब बंद करून तो लेखापरीक्षकाकडे सोपवावा. गावात सगळे आपलेच म्हणून पावती फाडायची राहून जाते आणि पुढे ग्रामसभेत त्याच शंभर रुपयांवरून भांडण लागते. मंडळाने आयकराची सूट घेतली असेल, तर असे फीचे उत्पन्न वर्षाच्या एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर जाऊ लागताच सनदी लेखापालाला विचारावे. सेवांवरील जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात वार्षिक 20 लाख रुपये आहे. गावपातळीवरील मंडळाला तिची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

कार्यकारिणीतील सदस्याला मानधन देण्यास घटनेची आडकाठी नसेल, तर रक्कम ठरवणारा ठराव त्याच्या गैरहजेरीत करावा, तो इतिवृत्तात नोंदवावा आणि बाहेरच्या शिक्षकाला जितके दिले असते त्याहून अधिक देऊ नये.

प्रमाणपत्रावर ‘अमुक दिवसांचा वर्ग पूर्ण केला’ एवढेच लिहावे. ‘शासनमान्य’ हा शब्द, तसेच राजमुद्रा कटाक्षाने टाळावी. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. पदवी देणे हा विद्यापीठांचा अधिकार आहे. शिवणकामाच्या कागदावर ‘डिप्लोमा’ छापला, की तो घेऊन नोकरी मागायला गेलेल्या मुलीची फसगत होते, हे मला कायद्याहून अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : कीटकनाशकाच्या एका विक्रेत्याने गुलाबी बोंडअळीवरील आमच्या परिसंवादाचा मांडव आणि जेवण यांचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. घ्यावे काय?

उत्तर : देणगी म्हणून, पावती देऊन घेता येईल. मात्र मांडवात औषधांची विक्री होऊ देऊ नये, कारण विक्रीचा परवाना त्यात नमूद केलेल्या जागेपुरताच असतो. वक्ता कोण असावा, हे मंडळानेच ठरवावे. कृषी विज्ञान केंद्राला किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला पत्र लिहून तज्ज्ञ मागवता येतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांवर वेगळा तास ठेवावा आणि तो जेवणाच्या आधी घ्यावा, कारण नंतर मांडवात फारसे कोणी उरत नाही.