मोरोक्कन लेखक मोहम्मद शुक्री विसाव्या वर्षापर्यंत खरंच निरक्षर होते का? आणि त्यांचं पुस्तक अरबीच्या आधी इंग्रजीत कसं आलं?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, खरंच निरक्षर होते. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि शुक्रींविषयीचे बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू झाले असं माझं मत आहे.

आधी माणूस. शुक्रींचा जन्म १९३५ चा, उत्तर मोरोक्कोतल्या रिफ या डोंगराळ भागात, नादोरजवळच्या एका खेड्यात. तेव्हा तो मुलूख स्पेनच्या ताब्यात होता. १९४० च्या दशकात रिफमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि माणसं गावं सोडून टँजिअर शहराकडे चालू लागली. शुक्रींचं कुटुंबही त्यांतलंच. त्यांच्या आत्मकथनात्मक कादंबरीची, ‘अल-खुब्झ अल-हाफी’ची, सुरुवात इथेच होते. टँजिअरला भाकरी भरपूर आहे, असं म्हणून आई रडणाऱ्या पोराला गप्प करते. टँजिअरला पोचल्यावर हा पोरगा उकिरडे धुंडाळतो, एक मेलेली कोंबडी सापडल्यावर खूश होऊन ती घरी आणतो. आई ती हिसकावून घेते, कारण मेलेलं खायचं नसतं. थोड्याच पानांनंतर बाप संतापाच्या भरात आजारी धाकट्या भावाची मान मुरगळतो. शुक्री हे सांगताना आवाज चढवत नाहीत, रडतही नाहीत. मला तरी पहिल्यांदा वाचताना पुस्तक बाजूला ठेवावं लागलं होतं.

पुढची वर्षं टँजिअर आणि तेतुआनच्या रस्त्यांवर गेली. टँजिअर १९५६ पर्यंत कुणा एका देशाचं शहर नव्हतं. अनेक परकीय सत्ता मिळून त्याचा कारभार बघत. त्यामुळे बँकवाले, तस्कर, हेर, हौशी परदेशी लेखक अशा सगळ्यांची तिथे चलती होती. त्याच शहरात हा मुलगा हमाली करत होता, चोऱ्या करत होता, वाट्टेल तिथे झोपत होता. काही काळ अल्जीरियातल्या ओरानकडे एका फ्रेंच मळ्यावरही राबला.

अक्षरओळखीचा प्रसंग पुस्तकात आहे, आणि तो तुरुंगात घडतो. कोठडीतला एक सोबती भिंतीवर ट्युनिशियाचे कवी अबुल-कासिम अश्शाब्बी यांच्या ओळी लिहितो. लोकांनी जगायचं ठरवलं तर नियतीला झुकावंच लागेल, अशा अर्थाच्या त्या ओळी. तोच त्याला पहिली दोन-तीन अक्षरं दाखवतो. मग विशीत शुक्री लाराश या गावी जाऊन शाळेत बसले, लहान पोरांबरोबर. पुढे शिक्षकही झाले. (त्याच लाराशमध्ये आज फ्रेंच लेखक ज्याँ जने यांची कबर आहे. शुक्रींची त्यांच्याशी १९६८ मध्ये टँजिअरला ओळख झाली आणि त्या भेटींवर त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं.)

एक मुद्दा बहुतेक लेखांत निसटतो. शुक्रींची मातृभाषा अरबी नव्हतीच, रिफी बर्बर होती. रस्त्यावर ते मोरोक्कन बोली अरबी आणि स्पॅनिश शिकले. ग्रांथिक अरबी त्यानंतरची, शाळेत कष्टाने मिळवलेली. तरी १९६६ मध्ये त्यांची कथा बैरूतच्या ‘अल-आदाब’मध्ये छापून आली. अरबी साहित्यात या मासिकाचा दबदबा होता, तिथे कुणी दयेपोटी जागा देत नसे.

आता इंग्रजीचं. अमेरिकन लेखक पॉल बोल्स टँजिअरमध्ये स्थायिक झाले होते. निरक्षर मोरोक्कन कथेकऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी टेप करून ते इंग्रजीत आणत. लंडनचे प्रकाशक पीटर ओवेन यांनी शुक्रींच्या आत्मकथनात रस दाखवला, तेव्हा ते लिहून तयार आहे असं शुक्रींनी ठोकून दिलं. प्रत्यक्षात कागदावर काहीच नव्हतं! मग एकेक प्रकरण लिहायचं आणि बोल्सना नेऊन ऐकवायचं, असा क्रम सुरू झाला. बोल्सना ग्रांथिक अरबी वाचता येत नव्हती, म्हणून शुक्री मजकूर बोलीत सांगत, अडलं तर स्पॅनिश. ‘अल-खुब्झ अल-हाफी’चं हे इंग्रजी रूप १९७३ मध्ये ‘फॉर ब्रेड अलोन’ या नावाने आलं. १९८० मध्ये ताहर बेन जेलून यांनी केलेला फ्रेंच अनुवाद गाजला. मूळ अरबी पुस्तक छापायला मात्र १९८२ उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी मोरोक्कोत त्यावर बंदी आली. भूक आणि मारझोड एकवेळ चालली असती. वेश्या, दारू, किशोरवयातला कामव्यवहार आणि बापाविषयीचा उघड द्वेष हे धर्मपंडितांना सोसलं नाही. बंदी उठली २००० मध्ये. त्याच्या थोडं आधी कैरोच्या अमेरिकन विद्यापीठातही, पालकांच्या तक्रारींमुळे, वर्गात हे पुस्तक शिकवण्यावरून मोठा वाद झाला होता.

या उलट्या क्रमामुळे शुक्रींचं नुकसान झालं. बोल्सच्या इतर पुस्तकांच्या रांगेत बसल्यामुळे हाही एक ‘सांगणारा’, लिहिणारा खरा बोल्स, असा समज पसरला. तो साफ चुकीचा आहे. शुक्री वाक्य घडवणारे लेखक होते; ती छोटी, कोरडी वाक्यं अडाणीपणातून आलेली नाहीत, निवडलेली आहेत. मानधनावरूनही दोघांत बिनसलं. १९९६ च्या सुमारास शुक्रींनी बोल्सवर एक पुस्तकच लिहिलं. बोल्सना मोरोक्को आवडतो, मोरोक्कन माणसं नाही, असा त्याचा सूर आहे. टीका बोचरी आहे आणि थोडी कृतघ्नही वाटते, पण मला ती बरीचशी पटते.

शुक्री २००३ मध्ये रबातच्या रुग्णालयात कर्करोगाने गेले. दफन टँजिअरलाच झालं.

वाचायचं असेल तर ‘फॉर ब्रेड अलोन’पासूनच सुरुवात करा, फक्त मुखपृष्ठावरच्या बोल्सच्या नावाने दबून जाऊ नका. आपल्याकडची दलित आत्मकथनं वाचली असतील तर भूक ओळखीची वाटेल, पण इथे चळवळ नाही, ‘आम्ही’ नाही, एकटा पोरगा आहे. त्यानंतर लगेच दुसरा भाग घ्या, ‘स्ट्रीटवाइज’ (अरबीत १९९२). शाळेची वर्षं त्यात येतात, आणि लेखक म्हणून मला तो पहिल्यापेक्षा जास्त सावरलेला वाटतो. २००५ मध्ये पहिल्या पुस्तकावर चित्रपटही आला, तो नंतर पाहिला तरी चालेल.