जोराच्या वाऱ्यात लहान विमान चालवणे कितपत सुरक्षित असते?

आपल्या मुलीने वैमानिक प्रशिक्षणासाठी प्रवेश घेतला आहे, ती सेस्नासारख्या लहान विमानावर शिकणार आहे आणि सोलापुरात वैशाखात सुटणारा वारा पाहिला की एवढेसे विमान त्यात टिकेल कसे, असा आपला प्रश्न आहे. मी सोलापूरचाच असून अशाच विमानांवर शिकलो आहे. सेस्ना १५२ हे दोन आसनी विमान पूर्ण भरले तरी त्याचे वजन ७५७ किलोपर्यंतच जाते, त्यामुळे आपली काळजी अगदी स्वाभाविक आहे.

मात्र हवेत असताना एकसारखा वाहणारा वारा, तो कितीही जोराचा असला तरी, विमानाला उलटवत नाही. विमान त्या वाहत्या हवेतच असते. पंखांना मिळणारी उचल हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगावर ठरते आणि वाऱ्यामुळे फरक पडतो तो जमिनीवरून मोजलेल्या वेगात. हवेत ९० नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) जाणाऱ्या विमानासमोर ३० नॉटचा वारा असेल, तर ९० सागरी मैलांना एका तासाऐवजी दीड तास लागतो आणि परतताना तेच अंतर पाऊण तासात कापले जाते. म्हणजे जाऊन-येऊन दोन तासांऐवजी सव्वादोन तास होतात, आणि तेवढे जादा इंधन निघण्यापूर्वीच हिशेबात धरावे लागते.

कसोटी लागते ती जमिनीजवळ, आणि तिथे वाऱ्याच्या वेगाइतकीच त्याची दिशा महत्त्वाची असते. होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळाची धावपट्टी १५-३३ अशी आहे, म्हणजे ती साधारण १५० आणि ३३० अंशांच्या दिशेत आखलेली आहे. आषाढात इकडे वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो. तो २० नॉट असेल, तर ३३ च्या बाजूने उतरणाऱ्या विमानाला त्यातला १० नॉट समोरून मिळतो आणि सुमारे १७ नॉट आडवा बसतो. हाच वारा धावपट्टीच्या रोखाने सरळ समोरून आला असता, तर उतरण्याचे अंतर उलट कमी झाले असते. सेस्ना १५२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा १२ नॉट आणि त्याहून मोठ्या, चार आसनी सेस्ना १७२ च्या पुस्तिकेत १५ नॉट दिलेला आहे. प्रमाणीकरणाच्या वेळी कसलेल्या वैमानिकाने प्रत्यक्ष करून दाखवलेला असा तो आकडा आहे. विमानाची ती अखेरची मर्यादा नव्हे. पण शिकणाऱ्याची मर्यादा त्याच्याही बरीच खाली असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आडव्या वाऱ्यात उतरताना विमानाचे नाक वाऱ्याच्या दिशेने वळवून ठेवावे लागते. भीमेला पाणी असताना समोरचा घाट गाठू पाहणारा पोहणारा जसा प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून हात मारतो, तसेच. त्यामुळे धावपट्टी समोरच्या काचेच्या मधोमध न दिसता एका कडेला दिसते, आणि सुरुवातीला याची सवय होणे फार अवघड जाते. जमीन अगदी जवळ आली की रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या पट्टीने, नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचे आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख किंचित खाली दाबून धरायचा. वाऱ्याकडचे चाक आधी टेकते, मग दुसरे, आणि शेवटी पुढचे. चाके टेकली म्हणून हात सैल सोडायचा नसतो. वेग कमी होत जाईल तसतसे एलरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्या, वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यावे लागतात, कारण नेमक्या या क्षणी वारा पंखाखाली शिरून तो उचलू शकतो.

आडव्या वाऱ्यापेक्षाही मला अधिक भीती वाटते ती झोतांची, म्हणजे वाऱ्याचा जोर मध्येच अचानक वाढून ओसरण्याची. वारा १२ नॉट आणि झोत २२ नॉट असे कळवले जाते, तेव्हा या दोहोंतल्या फरकाचा निम्मा भाग, म्हणजे ५ नॉट, उतरण्याच्या वेगात मिळवण्याची पद्धत आहे. ६५ नॉटने येणारे विमान मग ७० नॉटने आणतात, म्हणजे झोत अचानक ओसरला तरी उचल तुटत नाही. आपल्याकडे दुपारी काळी जमीन तापली की हवा वर उसळू लागते, वावटळी उठतात आणि विमान सतत खालीवर हिसकते. म्हणूनच उन्हाळ्यात नवशिक्यांची उड्डाणे भल्या सकाळी उरकणे शहाणपणाचे असते.

वळवाच्या पावसाच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. वळवाचा ढग काही किलोमीटर दूर असला तरी त्यातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चोहोबाजूंना पसरते, धुळीचा लोट पुढे ढकलत येते आणि काही मिनिटांत वाऱ्याची दिशा पालटते. समोरचा वारा अचानक मागून लागला की हवेतला वेग एकदम घटतो, आणि जमीन जवळ असल्याने सावरायला उंची उरत नाही. १९८५ मध्ये डॅलस येथे ट्रायस्टारसारखे अवाढव्य प्रवासी विमान अशाच कोसळत्या हवेत सापडून पडले आणि १३७ जणांचा बळी गेला. म्हणजे हा धोका केवळ लहान विमानांपुरता नाही. असा ढग जवळ आल्यावर उतरण्याची घाई करू नये. दूर थांबावे किंवा दुसरा विमानतळ गाठावा, आणि त्यासाठी लागणारे इंधन टाकीत असावे.

जमिनीवर उभे असलेले विमान मात्र वाऱ्याने खरोखरच उलटू शकते. त्यासाठी दोन्ही पंख आणि शेपटी दोरांनी जमिनीतल्या कड्यांना बांधतात आणि सुकाणू हलू नये म्हणून त्याला खिळ घालतात.

मुलीला थांबवावे असे मला वाटत नाही. तिच्या प्रशिक्षण संस्थेकडे जाऊन मात्र काही गोष्टी जरूर विचाराव्यात : एकटीने उड्डाण करण्यासाठी आडव्या वाऱ्याची आणि झोतांची कोणती मर्यादा लेखी ठरवली आहे, ती पाळली जाते का, आणि प्रशिक्षक शेजारी बसून आडव्या वाऱ्यातल्या उतरण्याचा सराव करून घेतात का. केवळ शांत हवेत शिकवून परवाना हाती देणे मला योग्य वाटत नाही, कारण पुढे असा वारा भेटेल तेव्हा प्रशिक्षक शेजारी नसेल. शिवाय वारा पाहून विद्यार्थ्याने उड्डाण नाकारले, तर त्याच्यावर कोणी नाराज होते का, हेही तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. कार्यालयातल्या उत्तरापेक्षा त्यांच्या उत्तरावर मी अधिक विश्वास ठेवीन.