इगोर स्टिमॅक भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून कसे होते?

आम्ही नाशिकरोडचे चार-पाच जण त्यांच्या काळातले बहुतेक सामने एकत्र बघायचो, त्यावरून सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कर्णधार आणि संघाचा मुख्य गोल करणारा सुनील छेत्री नसताना त्यांच्या संघाने दोह्यात आशियाई विजेत्या कतारला ०-० असं रोखलं. नव्या पोरांवर विश्वास टाकायची त्यांची धमक मला फार आवडायची. राग मात्र आवरायचा नाही. २०२३ च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत आधी पाकिस्तान, मग कुवेतविरुद्ध लाल कार्ड! त्यामुळे उपांत्य आणि अंतिम सामन्याला मैदानाच्या कडेला त्यांच्याऐवजी सहाय्यक महेश गवळी उभे. पण मोठी उणीव गोलची. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. पाच वर्षांत छेत्रीला पर्याय उभा राहिला नाही, हे मला अजून सलतं.